निळा उजेड दिसला की

बोटीला भोक पाडायचं काम माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत माझं गाड्यांना दिवे बसवायचं दुकान. रिक्षाला रंगीत पट्ट्या, नव्या कारला फॉग लॅम्प, नवरदेवाच्या जीपला चमकणाऱ्या माळा, हे आमचं रोजचं. पाण्याशी माझा संबंध मुकुंदवाडीच्या घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा तेवढाच. एरवी टँकर. पाऊस रुसल्याचं ते दुसरं की तिसरं वर्ष होतं. शहर मात्र चहूकडं वाढत चाललं होतं. जिथं प्यायला पाणी नाही तिथं लोक बाल्कनीतून डोंगर दिसतो म्हणून फ्लॅट बुक करत होते, आणि मला या सगळ्याचा रागही यायचा आणि त्याच फ्लॅटवाल्यांच्या गाड्यांवर माझं पोटही चालायचं.

शहरातल्या अशाच एका बिल्डरनं पैठणच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याच्या काठी एक रिसॉर्ट काढलं होतं. हिरवळ, झोपाळे, हुरड्याच्या दिवसांत हुरडा आणि पाण्यात फिरायला एक फायबरची बोट. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी जायची. मालकांनी कुठल्या तरी परदेशी व्हिडिओत बोटीच्या खाली, पाण्याच्या आत लावलेले निळे दिवे पाहिले होते. सगळं पाणी आतून उजळून निघतं, बोट जशी काही उजेडावर तरंगते. तसं आपल्याकडं पाहिजेच, म्हणून ते पेटले होते. ती बोट चालवायचे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी मालकांना सांगितलं, आमचे पाव्हणे दिव्यांचंच काम करतात. असं ते काम माझ्याकडं आलं.

दाजींचं गाव रिसॉर्टला लागूनच. आम्ही मूळचे सोयगावकडचे, ताई लग्न होऊन या पाणीवाल्या गावात आली तेव्हा आमच्याकडच्या बायका म्हणाल्या होत्या, पोरीनं नशीब काढलं. खरंच होतं ते. काठावर जमीन, जमिनीत मोसंबीची बाग. ती बाग ताई आणि दाजींनी लग्नानंतर लावलेली, खड्डे दोघांनी मिळून खांदलेले. मूलबाळ झालं नाही, तेव्हा त्या झाडांचंच त्यांनी केलं. ताई एकेका झाडाला माणसासारखं बोलायची, आणि मी तिला त्यावरून लई चिडवायचो. बोटीचा पगार दाजींना येत होता, घर चाललं होतं, कुणाचं देणं नव्हतं. प्रश्न फक्त बागेचा होता. शिवारातल्या लोकांनी वाळलेल्या मोसंबीवर कुऱ्हाडी चालवल्या होत्या. ताईची बाग अजून हिरवी होती, आणि आसपास सगळं पिवळं असताना ते हिरवेपण डोळ्यांना जरा खटकायचं.

मी गेलो तेव्हा बोट ट्रॅक्टरनं ओढून काठावर घेतली होती आणि जुन्या टायरांवर ठेवली होती. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या खाली, दिव्यांसाठी भोकं पाडायची होती. ड्रिल हातात घेतलं आणि माझा हातच चालेना. गाडीला चुकीचं भोक पडलं तर पुटी भरता येते, इथं भोक म्हणजे पाण्याला आवतण. दाजी शेजारी उकिडवे बसून हसत होते.

"काहून थांबले पाव्हणं? नाव मी चालवतो का तुम्ही? बुडलो तर मी बुडन."

"असं अभद्र बोलू नका," मी म्हणालो आणि ड्रिल दाबलं.

दिवे चांगले होते. जाड स्टीलचे, आत तार जायला नळी, मागून आवळायला नट. मी भोकाच्या कडा पॉलिश पेपरनं घासल्या, गच्च सील भरलं, दिवे आवळले, तारा आतून बॅटरीपर्यंत नेल्या. बारा व्होल्टचं काम. गाडीत असतो तेवढाच करंट, माणसाला त्याची बाधा नाही. हे मी मालकांना दोनदा समजावून सांगितलं, कारण पाणी आणि वीज एकत्र म्हटलं की लोक आधी दोन पावलं मागं सरतात. सील वाळल्यावर बोट पाण्यात उतरवली. संध्याकाळ होती. मी बटण दाबलं आणि पाणी आतून निळं झालं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मला सांगायला लाज वाटत नाही, आयुष्यात पहिल्यांदा मी आपलंच काम बघत उभा राहिलो.

मग भोकं गळतात का बघायला मी बोटीच्या मागच्या शिडीवर उतरून पाण्यात हात घातला, आणि हाताला मुंग्या आल्या.

आधी वाटलं, दिवसभर ड्रिल धरल्यानं असेल. हात बाहेर काढला, मुंग्या थांबल्या. पुन्हा घातला, पुन्हा झिणझिण, कोपरापर्यंत चढत गेलेली. मी आत गेलो आणि बॅटरीची तारच काढून टाकली. निळा उजेड विझला. हात घातला तर मुंग्या होत्याच. तेवढ्यात रिसॉर्टच्या एका माणसानंही हात घातला आणि तो बोंबलत मागं सरला. झालं. सगळ्यांनी माझ्याकडं बघायला सुरुवात केली. मालक म्हणाले, "बॉस, ये क्या किया? माझे गेस्ट आहेत, त्यांची पोरं पाण्यात हात घालतात." मी म्हणालो, बॅटरी काढलीय, दिवे मेलेत, हा करंट माझा नाही. कुणाला पटेना. साप साप म्हणून भुई धोपटतात तसं सगळे माझ्या दिव्यांवर तुटून पडले. मला संताप आला. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा, हा करंट कुणाचा आहे ते मी काढून दाखवतो.

सकाळी मी मीटर घेऊन काठावर उतरलो. धरण इतकं मागं सरकलं होतं की एरवी जिथं बोट फिरायची तिथं भेगाळलेला गाळ होता. टिप्पर तो गाळ भरभरून नेत होते. उरलेलं खोल पाणी एका अरुंद, चिंचोळ्या पट्ट्यात आलं होतं आणि प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगणारा बोटीचा धक्काही तिथंच हलवला होता. मला त्या पट्ट्यात एक गोष्ट खटकली. दुसऱ्या काठांवर बगळे उभे होते, इथं एकही नव्हता. पाण्याच्या कडेला बारकी मासळी पोट वर करून पडली होती. एक म्हैस आली, पाण्याशी तोंड नेलं, फुरफुरली आणि तहानलेलीच मागं फिरली. तिला हाकणारी बाई म्हणाली, "आठ-पंधरा रोज झाले, असंच करायलीय. पाण्यात काय भूत शिरलंय कुणास ठाऊक."

मीटरच्या दोन सुया पाण्यात लांब लांब धरून मी कडेकडेनं चालत गेलो. धक्क्याच्या जवळ आकडा वाढत होता. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर गाळातून एक काळी तार येऊन पाण्यात उतरली होती. जागोजागी सायकलच्या ट्यूबनं बांधलेले जोड. मी ती तार धरून उलटा चालत निघालो, गाळातून, बाभळींतून, बांधावरून. तार जाऊन पोचली मोसंबीच्या बागेत, दाजींच्या पाण्याच्या मोटारीपाशी.

जे समजलं ते साध्या शब्दांत सांगतो. मोटारीला वीज आत यायला एक तार लागते आणि परत जायला दुसरी. दुसऱ्या तारेची ॲल्युमिनियमची लाइन दुष्काळात कुणीतरी कापून चोरून नेली होती. अशा वेळी खेड्यात लोक जमिनीत लोखंडी सळई ठोकतात आणि परतीचा करंट जमिनीत सोडतात. अर्थिंगवर मोटार चालवणं म्हणतात त्याला. ओली जमीन असली की भागतं. पण जमीनच कोरडीठक्क झाली तेव्हा दाजींनी सळईच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतून बघितलं. तेही शोषून गेलं. मग त्यांनी सळई धरणात सोडली. पाणी मागं सरकेल तशी ते तार जोडत गेले, सळई पुढं नेत गेले, आणि शेवटी ती पाण्याच्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यात येऊन पडली जिथं ते स्वतः रोज बोट लावायचे.

मी घरी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. माझं तोंड तापट आहे, मी मानपान विसरून बोललो.

दाजी शांतपणे भाकरी खात होते. "एवढं मोठं धरण हाय," ते म्हणाले. "त्यात तेवढा करंट जिरून जातो. दोन साल झाले, कुणाला काय झालं?"

"दोन साल आधी धरण होतं. आता डबकं आहे."

"सगळ्यांनी सोडल्यात सळया. माझी एकट्याची नाय."

"तुम्ही एकटे रोज त्या पाण्यात उतरता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, तुम्ही तर पाण्याशीच केलंय."

ताई चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवला आणि मला विचारलं, "माणूस मरतो का त्यानं?" मी म्हटलं, मुंग्या येतात तोवर ठीक, सळईच्या जवळ गेलं तर हातपाय आखडतात आणि माणूस दगडासारखा बुडतो. ती दाजींकडं बघत राहिली. दाजी पाणी प्यायले आणि म्हणाले, "व्हय, काढतो. आजच काढतो." मी त्यांना आईची शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम संध्याकाळी गेलो आणि मीटर लावलं. पाणी शांत होतं. हात घातला, काही नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मालकही निवळले. फक्त एक नवी कटकट सुरू झाली होती. पाणी उथळ आणि गढूळ झालं होतं, त्यामुळं दिव्यांच्या काचांवर रोज शेवाळ आणि गाळ धरायचा आणि निळा उजेड हिरवट दिसायचा. म्हणून पाहुणे यायच्या आधी दाजी रोज छातीएवढ्या पाण्यात उतरून फडक्यानं काचा पुसायचे, वर यायचे आणि मग बटण दाबायचे. हे त्यांनीच मला सांगितलं. त्यातली एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही, ताईनंही नाही. बाग तशीच हिरवी होती. ते बघून माझ्या मनात पाल चुकचुकली, पण शपथ घेतलेल्या माणसाला परत विचारायचं कसं?

मग मालकांचा फोन आला. त्यांना दिवे आपोआप लागायला हवे होते. सडकेवरचे दिवे अंधार पडला की लागतात, तसे. पाहुणे हिरवळीवर बसलेले असताना पाणी एकाएकी निळं झालं पाहिजे, कुणी बटण दाबताना दिसता कामा नये. छोटीशी गोष्ट होती. उजेड ओळखणारा एक सेन्सर बोटीच्या टपावर चिकटवायचा. मी दुपारी जाऊन बसवला. टॉवेलनं झाकून बघितला, दिवे लागले. टॉवेल काढला, विझले. मालक पाहुण्यांना आणायला शहरात गेले होते, दाजी डिझेल आणायला पैठणला. दाजींना घरी चहा पिताना सांगू असा विचार करून मी ताईकडं निघालो.

ताई बागेत होती. आम्ही मोटारीच्या पेटीजवळ लिंबाखाली बसलो. बरोबर चहाचं भांडं आणि दोन पेले. तिथून बागेच्या उतारावरून थेट खाली पाणी दिसायचं. बोट दिसायची, पण माणूस ओळखू यायचा नाही. दाजी परत आले का म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "आले, मघाच फटफटी गेली धक्क्याकडं." ती गप्पांत नव्हती. सारखी खाली बघत होती. मी म्हटलं, ताई, तुझं लक्ष कुठंय? ती म्हणाली, "कुठं नाय."

तेवढ्यात वारं सुटलं. उन्हाळ्यातलं वावधान, पण त्या दिवशी वेगळंच होतं. धरणाच्या कोरड्या तळातला गाळ पीठ होऊन उठला आणि पाण्याच्या पलीकडून एक तपकिरी भिंत चालत आली. सूर्य मावळायला वेळ होता, तरी दिवस बुडाल्यासारखा झाला. पाखरं ओरडत बागेत शिरली. ताईनं पदर तोंडाला लावला. मी डोळे चोळले आणि खाली बघितलं, तर त्या धुळीच्या काळोखात पाणी निळं झालं होतं.

मला हसू आलं. सेन्सर फसला होता, धुळीलाच रात्र समजला होता. मी म्हणणार होतो, बघ, माझी करामत. पण ताई आधीच उठली होती. तिनं पेटीचं झाकण उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. मोटार घरघरली.

"निघाले एकदाचे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"कोण निघालं? कुठून?"

"तुझे दाजी, पाण्यातून." मग तिला आठवलं की हे मला सांगायचं नव्हतं. ती खाली मान घालून म्हणाली, "तार काढली असती तर बाग गेली असती रे. शेतीची वीज हल्ली दिवस कलल्यावरच येते, म्हणून आमचं ठरलंय. ते काचा पुसून वर आले की लाइट लावतात. निळा उजेड दिसला की मी मोटार चालू करते. तोवर बटणाला हात लावत नाय, आन पाहुणे बोटीत बसायच्या आत बंद करते."

पुढचं मला सलग आठवत नाही. मी तिला बाजूला ढकललं एवढं आठवतं. पेटीतला फ्यूज उघड्या हातानं ओढून काढला, त्याचा डाग अजून माझ्या तळहातावर आहे. मोटार थांबली. मी म्हणालो, "लाइट त्यांनी नाही लावला. आपोआप लागलाय." तिला काही कळलं नाही. मग कळलं.  माझ्या आधी ती उतारावरून पळत सुटली.

धुळीत काही दिसत नव्हतं, फक्त निळा उजेड दिसत होता, आणि मी लावलेल्या त्या उजेडाच्या दिशेनं पळताना मला त्याची किळस आली. बाभळीच्या काट्यांतून, गाळातून आम्ही पोचलो. दाजी बोटीच्या मागं होते. एक हात शिडीच्या पायरीत कोपरापर्यंत अडकलेला, मान कलती, हनुवटी पाण्याला टेकलेली. डोळे उघडे. मी त्यांना ओढून वर घेतलं तेव्हा त्यांच्या मुठीत फडकं होतं आणि ती मूठ आम्हा दोघांना मिळून उघडेना. मी छाती दाबत राहिलो, तेव्हा एकदाची ती हलली, पाणी बाहेर पडलं.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "लाइट कुणी लावला?"

मी सांगितलं. त्यांनी तोंडातला गाळ थुंकला. मग म्हणाले, "काच पुसत व्हतो. तोंडासमोरच लागला. तवाच समजलं, आता ती बटण दाबणार. शिडीत हात घातला तेवढ्यात आलंच."

ताई हे ऐकत होती. ती उठली, काठावरची ती काळी तार तिनं दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागली. सळई चिखलातून खरडत वर आली. दाजी पडल्या पडल्या म्हणाले, "राहू दे. एवढा एक महिना निघू दे, झाडांनी फळ धरलंय." ताई म्हणाली, "वाळू दे." तिनं एवढंच म्हटलं आणि तार ओढत राहिली. बागेतल्या झाडाला कुणी दगड मारला तरी भांडायला उठणारी माझी बहीण. तिच्या तोंडून तो शब्द ऐकून मला रडू आलं.

बाग त्याच उन्हाळ्यात गेली. धरणाचं पाणीही एवढं आटलं की बोट गाळावर कलंडून पडली आणि रिसॉर्टला कुलूप लागलं. पुढं पाऊस झाला, धरण भरलं, पण ताई-दाजी परत तिथं राहिले नाहीत. आता ते मुकुंदवाडीला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. शहर त्यांच्या गावाच्या दिशेनं निघालंच आहे, कधीतरी पोचेल. दाजींच्या एका हाताला थंडीत अजून मुंग्या येतात. ते त्यावर विनोद करतात, आणि ताईला ते आवडत नाही.

ताई घरातलं कुठलंच बटण दाबत नाही. पंख्याचं नाही, मिक्सरचं नाही, दारावरच्या घंटीचंही नाही. आम्ही खूप समजावलं, मी चिडलोसुद्धा. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी दाजी फेरफटका मारायला गेलेले असतात. बाहेर सगळ्या इमारती उजळतात, आणि ती एकटी अंधारात खुर्चीवर बसून राहते. दाजी येतात, चपला काढतात, एकेका खोलीत जाऊन दिवा लावतात. परवा मी तिथं असताना त्यांना यायला उशीर झाला. मला समोर बसलेल्या ताईचं तोंडही दिसत नव्हतं. मी सवयीनं बटणाकडं हात नेला, तर ती अंधारातूनच म्हणाली, "थांब. ते आल्यावर लावतील."

मी हात मागं घेतला आणि तिच्याशेजारी बसून राहिलो.